तारामती ते बुलेटवरची नऊवारी: पडद्यावरच्या बाईचा पगार कुठे जातो?

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते. ढोल-ताशा सुरू होण्याआधीच फोटोग्राफर मोक्याच्या जागा धरून उभे असतात. त्यांना काय हवं असतं हे आता सगळ्यांनाच पाठ झालंय: नऊवारी, नाकात नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल आणि खाली बुलेट. दुपारपर्यंत तो फोटो मोबाइलवर फिरतो, दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर येतो. मथळ्यात 'परंपरा आणि आधुनिकतेचा संगम' असतो किंवा 'रणरागिणी' असते.

त्या फोटोत खोटं काही नाही. गाडी ती बाई खरोखरच चालवत असते आणि तिला त्याचा आनंदही होत असतो. मात्र तीच बाई सुट्टी संपल्यावर चर्नी रोडला लोकल पकडून कामावर जाते, महिनाअखेरीस घराचा हप्ता भरते, संध्याकाळी दादरला उतरून भाजी घेते. तेव्हा तिथे कॅमेरा नसतो. वर्षातला एक दिवस ती 'रणरागिणी' असते. उरलेले दिवस मालिकेत आणि जाहिरातीत दिसणारी बाई वेगळीच असते: कुणाची तरी आई, कुणाची तरी सून, हातात चहाचा ट्रे.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा मुंबईचा पट्टा या विषयासाठी फार सोयीचा आहे. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट इथे बनला आणि इथेच लोकांनी तो पाहिला. मराठी नाटक, सिनेमा, वर्तमानपत्रं इथे वाढली. शिवाय ज्या बायकांनी गिरण्यांत, खानावळींत आणि घरगुती उद्योगांत काम करून ही मुंबई चालवली, त्याही याच गल्ल्यांत राहिल्या. चित्र आणि वस्तुस्थिती एकमेकांच्या इतक्या शेजारी क्वचितच सापडतात.

छापखान्यातला शब्द

स्टिरिओटाइप हा शब्द मुळात छापखान्यातला आहे. एकेक खिळा जुळवून पान तयार करायचं, त्याचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अखंड पत्रा पाडायचा. मग त्याच पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती काढता येतात, खिळे पुन्हा जुळवावे लागत नाहीत. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली 'पब्लिक ओपिनियन' या पुस्तकात हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या चित्रांसाठी वापरला आणि तोच अर्थ पुढे रूढ झाला. मराठीत आपण साचेबद्ध किंवा ठोकळेबाज प्रतिमा म्हणतो.

साच्याचा फायदा छापणाऱ्याला होतो. प्रत्येक बाई नव्याने समजून घ्यायची नसली की काम स्वस्तात आणि लवकर उरकतं. माध्यमांचंही तेच आहे. सोशिक आई, खाष्ट सासू, कारस्थानी 'दुसरी', फॅशनेबल म्हणून बिघडलेली मुलगी, यांपैकी कुणीही पडद्यावर आलं की प्रेक्षकाला दोन सेकंदांत ओळखता येतं. लेखकाचे दोन सीन वाचतात.

मात्र पत्र्यावर जे आलं नाही, ते कुठल्याच प्रतीत येत नाही. मराठी पडद्यावर बाईच्या बाबतीत सगळ्यात जास्त वेळा सुटलेली गोष्ट म्हणजे तिची कमाई.

दादरचा बंगला आणि पहिली तारामती

१९१२ साली दादासाहेब फाळके दादरच्या आपल्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र'ची तयारी करत होते. नटांसाठी त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. पुरुष आले, पण राणी तारामतीच्या भूमिकेसाठी एकही बाई तयार होईना. फाळके नाचगाणं करणाऱ्या आणि देहविक्रय करणाऱ्या बायकांकडेही गेले, तिथेही नकार मिळाला. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्यांनाही कमीपणाचं वाटत होतं. अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके नावाचा तरुण त्यांना सापडला. साळुंकेंनी तारामती केली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात लोकांनी तो चित्रपट पाहिला. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंकेंनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

म्हणजे भारतीय कथापटातली पहिली आदर्श पत्नी पुरुषाने उभी केली. रंगभूमीवर ही रीत आधीपासून होतीच, आणि बालगंधर्वांच्या साड्या, दागिने, चालणं-बोलणं पाहून चांगल्या घरच्या बायका त्याचं अनुकरण करायच्या. बाईने कसं दिसावं याचा नमुना पुरुषाने रंगवायचा आणि बाईने तो घरी जाऊन गिरवायचा! साच्याची ताकद किती असते हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दोन स्त्रिया पडद्यावर आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कोवळ्या वयातली मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या आणि पोटासाठी नाटक कंपनीत शिरल्या होत्या. पडद्यावर शंकराची पत्नी असलेल्या या बाईच्या घरात कमावतं माणूस एकच होतं, ती स्वतः.

पुढे दुर्गा खोटे यांच्या बाबतीतही हेच झालं. गिरगावच्या कांदेवाडीतलं लाड हे त्यांचं माहेर, प्रतिष्ठित आणि सुखवस्तू. शिक्षण सेंट झेवियर्स कॉलेजात. लग्नानंतर सासरची आर्थिक घडी विस्कटली, पदरी दोन मुलं होती, तेव्हा त्या कामाच्या शोधात सिनेमात आल्या. १९३१ सालच्या 'फरेबी जाल'मध्ये छोटीशी भूमिका केली, पण चित्रपट सुमार निघाला आणि 'चांगल्या घरची बाई सिनेमात गेली' म्हणून टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'साठी त्यांना घेतलं. भूमिका होती तारामतीची. वीस वर्षांपूर्वी जी करायला कुणी बाई मिळाली नव्हती, तीच.

या वेळी टीका मावळली आणि कौतुक सुरू झालं. दोन्ही वेळा बाई तीच होती, कारणही तेच होतं, घर चालवायचं. फरक इतकाच की आता ती नवऱ्यासाठी विकली जाणारी राणी दिसत होती. कमावण्यासाठी घराबाहेर पडलेल्या बाईला समाजाने पतिव्रतेच्या वेषात स्वीकारलं.

दुर्गाबाईंनी १९३६ साली 'अमरज्योती'मध्ये पुरुषी सत्तेविरुद्ध उठलेली, जहाजं लुटणारी सौदामिनीही केली होती. पुढे स्वतःची निर्मितीसंस्था काढून लघुपट, जाहिरातपट केले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया' त्यांच्याच संस्थेची. तरी आजही त्यांचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई उभी राहते, नवरा आणि मुलाच्या मध्ये घुसमटणारी आई.

मुलापेक्षा लहान असलेली आई

ललिता पवार तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी मारलेली थप्पड जोरात लागली, चेहऱ्याच्या एका बाजूवर परिणाम झाला, उपचार वर्षानुवर्षं चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेच्या भूमिका थांबल्या आणि त्यांच्या वाट्याला खाष्ट सासू आली. ती त्यांनी इतकी जिवंत केली की 'ललिता पवार' हे घराघरांत विशेषण झालं. त्यातला हिशोब मात्र बघण्यासारखा आहे. चेहरा जरा बिघडला की बाई वाईटच असणार, हे पडद्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. पुरुष खलनायकांच्या गालावरचे व्रण मेकअपने रंगवले जात होते. ललिताबाईंच्या अपघाताचंच पात्र झालं.

सुलोचनादीदींची गोष्ट सौम्य वाटते, पण साचा तितकाच घट्ट होता. २०२३ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्या वात्सल्यमूर्ती रूपावर पानंच्या पानं भरली. त्यांचा जन्म १९२८ चा. १९७० च्या 'जॉनी मेरा नाम'मध्ये त्या देव आनंदच्या आई आहेत. देव आनंद यांचा जन्म १९२३ चा. म्हणजे आई मुलापेक्षा जवळपास पाच वर्षांनी लहान! चाळिशी गाठली की नट 'परिपक्व नायक' होतो आणि नटीच्या केसांना पांढरा रंग लागतो. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण त्यामुळे कामाची वर्षं आणि पर्यायाने मिळकत ठरते. याचे चटके पडद्याबाहेरही बसतात. स्वागतकक्षात, दुकानात, टीव्हीवर बातम्या देताना बाई 'दिसायला' कशी आहे आणि तिचं वय काय, हे पाहिलं जातं. पुरुषाच्या बाबतीत त्याला अनुभव म्हणतात.

गिरणीतली नायकीण, चाळीतली खानावळवाली

आता दादरच्या स्टुडिओतून थोडं दक्षिणेला, परळ-लालबागच्या भोंग्यांकडे येऊ. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. बायका मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत असत. काम बहुधा उक्त्या दराचं, जितकं सूत तितके पैसे. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई असे, तिला नायकीण म्हणत. पुरुषांच्या खात्यांत हेच काम जॉबर करत. हा शब्द जरा कानाआड करून ऐकावा. गिरणीबाहेरच्या मराठीत नायकीण म्हणजे गाणारी-नाचणारी बाई. हाताखाली माणसं असलेल्या कामगार बाईसाठी भाषेकडे दुसरा शब्दच नव्हता.

पुढच्या पन्नास वर्षांत या बायका गिरण्यांतून जवळजवळ नाहीशा झाल्या. कारणं बरीच होती. १९२९ साली मुंबई प्रांताने मातृत्व लाभाचा कायदा केला. हेतू चांगला होता, पण खर्च मालकावर पडत असल्याने बाईला कामावर घेणंच टाळायची सोय झाली. रात्रपाळीला बायकांना मनाई होती आणि गिरण्या तर दोन-तीन पाळ्यांत चालू लागल्या. वेगाने चालणारी नवी यंत्रं आली आणि वाइंडिंगची कामं पुरुषांकडे गेली.

या प्रत्येक टप्प्यावर एक युक्तिवाद सगळ्यांच्या तोंडी होता. पुरुष घरचा पोशिंदा, बाईची कमाई ही जोडकमाई. नोकऱ्या कमी करायच्याच असतील तर आधी तिची. मालकांना तो सोयीचा होता आणि पुरुषांच्याच हाती असलेल्या कामगार संघटनांनीही त्याला फारसा धक्का दिला नाही. सिनेमाने किंवा वर्तमानपत्रांनी बायकांना गिरणीतून काढलं असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. परंतु ज्या काळात हे घडत होतं त्या काळात पडद्यावर, कादंबरीत, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठावर कमावणारी बाई जवळपास नव्हतीच. असली तर गरिबीने गांजलेली, दयेला पात्र. वाइंडिंग खात्यातल्या विधवेच्या पगारावर पाच जणांचं घर चालतं हे चित्र कुणाच्या डोक्यातच नसेल, तर ती नोकरी गेल्याचं दुःखही कुणाला दिसत नाही.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगार, डॉ. दत्ता सामंत, बंद पडलेले भोंगे. या संपाचे फोटो आठवून पाहिले तर गेटवरचे पुरुष दिसतात, सभेतले पुरुष दिसतात. पुढे आलेल्या नाटक-सिनेमांतही ही मुख्यतः बापांची आणि बेकार मुलांची गोष्ट राहिली. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ साली मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. अशा कामांतून गिरणगावच्या बायका स्वतःच्या तोंडून बोलताना ऐकू आल्या. संपात घरं चालवली त्यांनीच. कुणी धुणीभांडी धरली, कुणी भाजी विकली, कुणी पापड लाटले, आणि कित्येकींनी खानावळी रेटल्या.

खानावळीची गोष्ट मुद्दाम सांगावी अशी आहे. कोकणातून, घाटावरून एकट्याने मुंबईत आलेला गिरणीकामगार एका खोलीत दहा-पंधरा जणांसोबत राही आणि जवळच्या चाळीतल्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवे. ही बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत पाळ्यांच्या वेळा सांभाळून डबे भरत असे. वाण्याकडून उधारीवर माल, गिऱ्हाइकाला महिनाभर उधार, मध्ये सावकाराचं व्याज. खरेदी, उधारी, वसुली, हिशोब हे सगळं त्यात होतं, म्हणजे हा व्यवसायच होता. बँकेच्या लेखी मात्र ती 'घरी स्वयंपाक करणारी' होती आणि स्वयंपाकाला कोण कर्ज देणार! प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना संघटित करून बँकेच्या दारात उभं करण्यासाठी. राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं आणि बायकांनी ते फेडून दाखवलं. 'बाईचं काम म्हणजे माया' या समजुतीची किंमत किती होती, ते सावकाराच्या वहीत रुपये-आण्यांत लिहिलेलं होतं.

गिरगावातली आणखी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ते लिज्जत. आज सुमारे ४५ हजार बायका त्या संस्थेच्या सभासद म्हणजे मालकीण आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आणि लिज्जतची जाहिरात म्हटलं की लोकांना आठवतो तो ससा, रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला. ससा गोड आहे यात वाद नाही. तरी हजारो मालकिणींच्या उद्योगाचा चेहरा म्हणून सशाचा आठवावा, हे गमतीचं आणि थोडं खटकणारंही आहे.

लाटणं कुणाच्या हातात

व्यंगचित्रातली बायको ओळखायची खूण म्हणजे लाटणं. दाराआड उभी, नवऱ्याची वाट पाहत. दिवाळी अंकांनी हा विनोद पिढ्यानपिढ्या पुरवून खाल्ला.

१९७२ चा दुष्काळ पडला, तेल, साखर, रॉकेल मिळेना, तेव्हा मुंबईतल्या बायकांनी हेच लाटणं रस्त्यावर आणलं. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत समाजवादी मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. चाळीचाळींतून हजारो जणी थाळ्या बडवत, लाटणी उंचावत निघाल्या. त्यातल्या अनेकींनी त्याआधी मोर्चा पाहिलाही नव्हता.

वर्तमानपत्रांनी त्याला 'लाटणं मोर्चा' म्हटलं आणि तेच नाव टिकलं. इथे साचा दोन्ही बाजूंनी चालला. 'गृहिणी' म्हणून बाहेर पडल्यामुळे घरच्यांना अडवता आलं नाही, पोलिसांनाही लाठी चालवणं अवघड झालं. पण बातम्यांत रेशनव्यवस्थेवरच्या मागण्यांपेक्षा भांडी जास्त वाजली. मृणालताईंना 'पाणीवाली बाई' हे प्रेमाचं नाव मिळालं. पाण्याचा प्रश्न लावून धरणाऱ्या पुरुष पुढाऱ्याला 'पाणीवाला बुवा' कुणी म्हटलं नसतं. अहिल्याताई १९७७ साली आणि प्रमिलाताई १९८० साली मुंबई उत्तर-मध्य मतदारसंघातून लोकसभेवर गेल्या. एकाच मतदारसंघाने लागोपाठ दोन वेळा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका निवडून दिल्या होत्या. लाटणं सगळ्यांना आठवतं, हे फारसं कुणाला आठवत नाही.

मालिका घराबाहेर का पडत नाही?

१९९१ साली 'माहेरची साडी'ने महाराष्ट्र रडवला आणि तिकीटबारीवर विक्रम केला. सोसणारी सून विकली जाते, हे त्या वर्षी नक्की झालं. टीव्हीवर 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चाललं, तीन हजारांहून जास्त भाग. नंतरची नावं नुसती वाचली तरी पुरे: 'होणार सून मी ह्या घरची', 'माझ्या नवऱ्याची बायको', 'अग्गंबाई सासूबाई'. नायिकेची ओळख तिच्या नात्यावरून.

यामागे कारस्थानापेक्षा गणित जास्त आहे. रोजच्या मालिकेला आठवड्याला सहा भाग लागतात. एका बंगल्यात दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर उभं केलं की वर्षभर चित्रीकरण होतं. ऑफिस, लोकल, कोर्ट दाखवायचं तर परवानग्या, गर्दी आणि खर्च. त्यात मधल्या जाहिराती मसाल्याच्या, साबणाच्या, तेलाच्या. त्यांना घर चालवणारी बाई टीव्हीसमोर हवी असते आणि तिला 'आपलं' वाटेल असं घरच दाखवायचं असतं. म्हणून नायिका पहिल्या आठवड्यात नोकरी करते आणि लग्न झालं की तिचं ऑफिस हळूहळू गायब होतं. ते सोडल्याचा सीनही कधी कधी नसतो. सन्माननीय अपवाद आहेत. मराठीतल्या दैनंदिन मालिकांच्या सुरुवातीलाच, १९९९ च्या 'आभाळमाया'त, सुकन्या कुलकर्णी यांची सुधा कॉलेजात शिकवणारी होती. त्यामुळे 'प्रेक्षकांना हेच हवं असतं' हे उत्तर पुरेसं नाही.

याचा परिणाम खरंच होतो का? अमेरिकन अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी मांडलं होतं की टीव्ही एका भागाने कुणाला बदलत नाही. वर्षानुवर्षं तेच ते पाहून 'जग असंच असतं' ही समजूत मुरत जाते. २००२ साली पॉल डेव्हिस आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत ठोकळेबाज जाहिराती पाहिल्यानंतर विद्यार्थिनींनी गणिताचे प्रश्न टाळले, गणित लागणाऱ्या करिअरमधला रसही कमी दाखवला. अशा प्रयोगांचे निष्कर्ष किती सरसकट लावायचे यावर मतभेद आहेत. भारतातला एक अभ्यास तर उलट्या दिशेने जातो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये दाखवलं की ज्या खेड्यांत केबल टीव्ही पोचला तिथे नवऱ्याची मारहाण चालवून घेण्याची वृत्ती आणि मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. त्यांनी पाहिलेल्या राज्यांत गोवाही होतं. म्हणजे सासू-सुनेच्या मालिकांतूनही खेड्यातल्या बाईला शहरातली, थोडी मोकळी बाई दिसत होती. पडद्यावर काय दाखवतात याने फरक पडतो, हेच दोन्हीकडून सिद्ध होतं.

घरकामाच्या बाबतीत आकडे तर समोरच आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं, आणि मुळात ते करणाऱ्या पुरुषांची संख्याच कमी. जाहिरातीतल्या आईला कपड्यांवरचा डाग पाहून जी अपराधी भावना येते, तिचं वेळापत्रक हे असं असतं.

नियमांत काय आहे, हे थोडक्यात. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा मुख्यतः अश्लीलतेपुरता आहे, साचा त्याच्या कक्षेत येत नाही. १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत मात्र बाईला दुय्यम, आज्ञाधारक दाखवणाऱ्या जाहिराती नकोत असं स्वच्छ लिहिलंय. ते फारसं कुणी वाचलेलं दिसत नाही. जाहिरात मानक परिषदेने जून २०२२ मध्ये लिंगभावाच्या घातक प्रतिमांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाई घरकाम करताना दाखवायला हरकत नाही, पण ते तिचंच काम आहे आणि पुरुषाचा त्याच्याशी संबंध नाही असं सुचवू नका, असा त्यांचा रोख. ती पाळण्याची सक्ती मर्यादित आहे. १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेने निवडलेला रस्ता बहुधा जास्त दूरवर गेला. ग्रंथपाल म्हणून नोकरी करणाऱ्या ज्योती म्हापसेकर यांनी 'मुलगी झाली हो' लिहिलं आणि नोकऱ्या-संसार सांभाळणाऱ्या बायकांनी ते हौसेने बसवलं. नेपथ्य जवळपास नाहीच, त्यामुळे ते चाळीच्या चौकात, बालवाडीत, गावच्या पारावर कुठेही उभं राही. हजारो प्रयोग झाले, इतर भाषांत गेलं.

आणि मग नवरात्रातले रंग. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला 'महाराष्ट्र टाइम्स'ने नऊ दिवसांचे नऊ रंग ही कल्पना रुजवली. धर्मग्रंथाचा नव्हे, वर्तमानपत्राचा शोध. आता त्या दिवसांत दादरच्या पुलावर एकाच रंगाचा लोंढा उतरतो आणि साड्यांचे समूहफोटो पानंच्या पानं छापले जातात. नटण्याचा बाजार म्हणून त्यावर टीका होते, ती खोटी नाही. मात्र त्या फोटोंच्या खालच्या ओळी वाचाव्यात. बँकेची शाखा, विमा कार्यालय, महापालिकेचं विभाग कार्यालय, टपाल खातं, शाळेचा शिक्षकवर्ग, परळच्या रुग्णालयातला वॉर्ड. दरवर्षी नऊ दिवस, सणाच्या निमित्ताने का होईना, मराठी वर्तमानपत्रात शेकडो बायका आपापल्या कामाच्या जागी उभ्या असलेल्या दिसतात, मागे टेबलं, फायली, सलाइनचे स्टँड. मथळा रंगाचा असतो. दहाव्या दिवशी पान बंद होतं. अकराव्या दिवशी परळच्या वॉर्डातली सकाळची पाळी सात वाजताच सुरू होते.